गेटपर्यंत ब्रॉडगेज

गवत मऊ असतं म्हणतात. माझ्या बायकोचं खुब्याचं हाड त्याच मऊ गवतावर मोडलं. तेव्हा मऊपणाच्या गोष्टी मला सांगू नका.

मी ईश्वर शिवशरण. रेल्वेत गँगमन होतो. आता त्याला ट्रॅकमन म्हणतात, मेंटेनर म्हणतात. नाव बदलल्यानं कुणाची कंबर सरळ झालेली मी पाहिली नाही. अडतीस वर्षं कुर्डुवाडीच्या अल्याड-पल्याड रुळाखाली खडी ठोकली. शाळा सातवी. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळं लिहिताना मी कुणाची परवानगीही घेत नाही.

माझा पोरगा रत्नदीप पुण्यात इंजिनिअर आहे. त्यानं सोलापुरात, कुंभारीच्या वाटेवरच्या नव्या वसाहतीत आम्हा नवरा-बायकोला घर बांधून दिलं. घर चांगलं. पण दारापासून गेटपर्यंत बत्तीस फूट लॉन. ज्या गावात नळाला पाच दिवसांतून एकदा पाणी येतं त्या गावात लॉन! आणि चालायला काय, तर त्या गवतात दोन-दोन फुटांवर गोल फरशा टाकलेल्या. चित्रात फार छान दिसतात. चित्रातल्या बाईला लुगडं नसतं आणि तिचे गुडघे दुखत नाहीत.

नागूबाई, म्हणजे माझी बायको, पौषातल्या एका सकाळी भाजीवाल्याची हाक ऐकून निघाली. एका फरशीवरून दुसरीवर तिचा पाय पुरला नाही. मधल्या ओल्या गवतात रुतला आणि ती आडवी झाली. ऑपरेशन झालं, खुब्यात सळई बसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वॉकर घेऊन रोज चालायला लावा. सपाट जागेवर. परत पडल्या तर उठणं अवघड आहे."

आमची पोरगी चैताली कुर्डुवाडीला नर्स आहे. ती आईला सहा आठवड्यांसाठी घेऊन गेली. गाडीत बसताना नागूबाई मला म्हणाली, "परत आल्यावर मला त्या घरात कोंडून ठेवू नगा. मला गेटापत्तुर माझं मला जाता आलं पायजे. कुणाच्या दंडाला धरून न्हाय."

"जाशील की," मी म्हणालो.

"त्या गवतातनं?"

तिची गाडी गेली आणि मी गवताकडं बघत उभा राहिलो.

रत्नदीपनं पुण्यातनंच फोनवरून एक ठेकेदार पाठवला. पेव्हर ब्लॉकवाला. मी बनियनवर झाडाला पाणी घालत होतो. तो गेटातून आत आला, गॉगल डोक्यावर चढवला आणि म्हणाला, "मालक कुठायत?"

मी म्हणालो, "बोला."

"अहो, मालकांना बोलवा. माप घ्यायचंय."

"मालकच बोलतोय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तसं बघणं मला नवीन नाही. आयुष्यभर ते अंगावर घेतलंय, आता ते माझ्या अंगाला लागत नाही. मला लागलं ते पुढचं. तो म्हणाला, "काका, एका दिवसाचं काम आहे. गवत काढायचीबी गरज नाही. वर कच पसरतो, ब्लॉक टाकतो, मोकळं."

मी विचारलं, "खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्याचं काय?"

"काका, तुम्ही नका टेन्शन घेऊ."

मी नाही घेतलं टेन्शन. त्याला गेटाबाहेर घालवलं. कारण पहिल्याच पावसात एक ठोकळा वर येणार, दुसरा खाली जाणार आणि वॉकरचा पाय त्या अर्ध्या इंचाला अडकणार. त्याच्यासाठी तो अर्धा इंच. माझ्यासाठी ती माझी बायको.

रत्नदीपला फोन केला. "जय भीम. काम मी करतो."

"अण्णा, तुम्ही? तुमचं वय काय?"

"अडतीस वर्षं काय केलं मी? विणकाम?"

"ते रूळ होते अण्णा. हे वेगळं असतं. आणि..." तो थांबला. "ते लॉन मी तुमच्यासाठी लावलं होतं."

ते मला ठाऊक होतं. चोविसाव्या वर्षी मला लायनीवरून काढून आठ महिने एका साहेबाच्या बंगल्यावर लॉनला जुंपलं होतं. विळ्यानं कापायचं, पाणी मारायचं, आणि त्यावर पाय ठेवायचा नाही. कडेच्या विटांवरून, तेही चप्पल काढून चालायचं. नाव सांगायला मी भीत नाही. पण साहेब मेला, आणि मेलेल्याशी भांडायला मला वेळ नाही. पोरानं ही गोष्ट लहानपणी ऐकली होती. मोठा झाल्यावर बापाला स्वतःचं लॉन द्यायचं, असं त्यानं मनात धरलं. पोराचं मन मोठं. पण गणित चुकलं.

"रत्नदीप," मी म्हणालो, "मला गवताचं दुःख नव्हतं रे. त्यावर पाय ठेवायचा नाही ह्याचं होतं. आणि तुझ्या लॉनवर तुझी आई पाय ठेवू शकत नाही. मग फरक काय?"

मग तो म्हणाला, "सामान मी पाठवतो. पण अण्णा, आई पडली तर..."

"वाक्य पुरं करू नको," म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहार मारली. लॉन कातड्यासारखं सोलून निघालं. वसाहतीमागं येडू धनगराचा शेळ्यांचा कळप असतो. त्यांना टाकलं, तर एका दुपारीत फस्त. एवढ्या दिवसांत त्या लॉनचा तेवढाच उपयोग झाला.

पहाटे सहा ते दहा आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, एवढंच काम. मधल्या उन्हात सोलापुरात कावळासुद्धा सावली सोडत नाही. फूटभर काळी माती काढली तेव्हा खाली तांबडा मुरूम लागला. रुंदी घेतली पाच फूट सहा इंच.

समोरच्या घरातला शंकरप्पा रोज कट्ट्यावर बसून बघायचा. मूळचा अक्कलकोटकडचा, सूतगिरणीतून रिटायर झालेला, तोंडाचा फाटका. "येनप्पा, काय रे शिवशरण," तो ओरडला, "साडेपाच फूट कशाला? हत्ती पाळतोस व्हय?"

"ब्रॉडगेज," मी म्हणालो.

"आँ?"

"रुळाच्या आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत पाच फूट सहा इंच. डोळे मिटून सांगतो."

"अरे, वहिनींचा वॉकर दोन फुटाचा!"

"तिला नॅरोगेज पुरली असती. मी तिला ब्रॉडगेज देणार."

त्यानं कपाळावर हात मारला आणि आत जाऊन बायकोला, शिवम्माला, कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. आतून दोघांचं हसू ऐकू आलं. हसा.

दोन्ही कडेला सिमेंटमध्ये दगड रोवले. खाली मी टाकली खडी. अडीच इंची, टोकदार, काळी, रुळाखाली असते तीच जात. लोहाराकडून बीटर करून घेतला. बीटर म्हणजे खडी ठोकून बसवायचं, एका टोकाला बोथट पात्याचं टिकावासारखं हत्यार. रेल्वेचा एक खिळाही मी घरी आणलेला नाही. सहा इंच खडी अशी ठोकली, की वरून मालगाडी न्या. तिच्यावर दोन इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. फळी फिरवून तो सारखा केला आणि ठोकळे लावत गेलो. दोरी बांधून, एकाला एक घासून, रबरी हातोडीनं टकटक करत. आठशेला थोडे कमी ठोकळे. शेवटचा गेटाशी बसला तेव्हा मी त्यावर उभा राहून विडी ओढली. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली. रत्नदीपला फोटो पाठवला. त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. हाताचा नाही, फोनमधला.

त्या दिवशी नळाला पाणी आलं. फटींतला कच बसावा म्हणून मी नळी लावून सगळ्या वाटेवर पाणी सोडलं.

सकाळी दार उघडलं तर मधोमध खड्डा. परातीसारखा. आणखी चार जागी ठोकळे तिरके झालेले, म्हाताऱ्याच्या दातांसारखे. एकावर पाय ठेवला तर तो दुसरीकडून उचलला. नागूबाई यायला सोळा दिवस राहिले होते.

कट्ट्यावरून आवाज आला, "शिवशरण! स्टेशन तर झालं. गाडी कधी येणार?"

मी एक ठोकळा पहारीनं उचकटला. खाली कच नव्हताच. नुसती खडी, धुऊन निघालेली, माझ्याकडं बघत. दोन इंच कच कुठं गेला? मला कळेना. अडतीस वर्षं खडी ठोकलेल्या माणसाला कळेना, आणि राग ह्याचाच होता. त्या ठेकेदारावर ओरडायला मी मोकळा होतो. आता ओरडू कुणावर?

गावात फूटपाथचं काम चालू होतं, तिथं गेलो. एक बाई उकिडवी बसून ठोकळे लावत होती. हात असा चालत होता, जशी भाकरी थापावी. नाव केराबाई. मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो.

"बाई, एक विचारू? खडी ठोकून बसवली, वर कच टाकला. पाणी मारलं तर कच गायब. का?"

तिनं मान वर न करता विचारलं, "खडी केवढी?"

मी मूठ वळून दाखवली.

ती हातातलं काम सोडून हसली. "आजोबा, चाळणीत पीठ ठिवता व्हय? खालीच जाणार की त्ये!"

माझ्या डोक्यात लख्ख पडलं. रुळाखाली आम्ही मोठी खडी टाकतो ती पाणी खाली जावं म्हणूनच. वर असतो नऊ फुटांचा स्लीपर, तो शेकडो खड्यांवर बसतो. दहा सरकले तरी त्याला पत्ता लागत नाही. हा ठोकळा वीतभराचा. ह्याला तीन खडे मिळतात, आणि तिघांतला एक नक्की दगा देतो. मी बायकोसाठी वाट करायला निघालो आणि रेल्वेलाइन टाकून बसलो. ही चूक कुठला गवंडी करणार नाही, कुठला शेतकरी करणार नाही. ही चूक फक्त गँगमनच करू शकतो.

"मोठ्या खडीवर बारकी खडी भरा," केराबाई सांगत होती. "मग मुरूम. पानी मारून धुमसानं बडवा, पोळपाटागत झालं पायजे. मग कच, त्यो बी बोटाच्या दोन पेरांएवढाच. पयलंच काम हाय का?"

तिथं चार माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "व्हय. पयलंच."

चौसष्टाव्या वर्षी असं म्हणायला काय लागतं ते म्हणून बघा.

परत येऊन सगळे ठोकळे उचलले. सगळे. शेवटची ओळ बरी दिसत होती, तीही. कच नवा मागवला. वरची खडी कमी केली, उरलेल्या खडीच्या फटींत बारकी खडी घातली, तिच्यावर मुरूम. पाणी कुठलं? नळाचं पाणी पिण्यापुरतं ठेवलं आणि भांडी-कपड्याचं बादल्यांनी साठवून तेच मारलं. धुमस म्हणजे लाकडी दांड्याचा लोखंडी ठोकळा. तो उचलून आपटायचा, उचलून आपटायचा. चार दिवस खांदे रात्रंदिवस ठणकत होते. पाचव्या दिवशी मुरमावर टाच मारली तर टाचच दुखली. म्हटलं, आता झालं.

परत ठोकळे. ह्या वेळी घाई केली नाही. दारापासून गेटाकडं बोटभर उतारही दिला, म्हणजे पावसाचं पाणी साचून शेवाळ धरणार नाही.

तीन दिवस राहिले असताना सकाळी मी वाटेवर पालथा पडलो होतो. गाल ठोकळ्यावर, एक डोळा बंद. एवढ्यात चपला फटफट वाजवत शंकरप्पा धावत आला. लुंगी हातात, चेहरा पांढरा. "अय्यो! शिवशरण! काय झालं रे? शिवम्मा, पाणी आण!"

"गप," मी म्हणालो. "लेव्हल बघतोय."

"अरे मेल्या! मला वाटलं गेलास!"

"आमचा मेट, गँगचा मुकादम, असाच बघायचा. रुळाला गाल लावून. यंत्र चुकेल, गाल चुकत नाही. ये, आडवा हो."

"मी?"

"भितोस?"

शंकरप्पा भितोस म्हटलं की काहीही करतो. बुडाखाली लुंगी सावरत, कण्हत, माझ्याशेजारी आडवा झाला. दोन म्हातारे गालावर. रस्त्यानं शाळेची रिक्षा गेली, पोरं किंचाळून हसली.

"डोळा मीट एक. आता गेटाच्या खालच्या दांडीकडं बघ. काय दिसतं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "आयला. पाण्यागत दिसतंय की रे. तळ्याचं पाणी."

"आणि कुठं हललंय?"

"तिथं. डावीकडं, जास्वंदीजवळ. जरासं बसलंय."

"ह्याला आम्ही स्लॅक म्हणतो. बरोबर बघितलंस. सूतगिरणीत फुकट गेलास तू."

उठताना त्यानं माझाच खांदा धरला. त्या दिवसापासून गाडी कधी येणार, असं त्यानं विचारलं नाही. स्लॅकमधले बारा ठोकळे उचलून परत बसवले, तेव्हा कच तोच चाळून देत होता.

शेवटची परीक्षा मी माझी मी घेतली. मेडिकलमधून एक वॉकर आणला, डोळ्यांना पंचा बांधला, नागूबाईसारखे पाय फरफटत दारापासून निघालो. वॉकर उचल, टेक, पाय घास. उचल, टेक, घास. एकविसाव्या ओळीत चपलेचं टोक अडकलं. नखभरच, पण अडकलं. पंचा सोडला. एक ठोकळा वर होता. डोळ्यानं, गालानं सापडला नव्हता, पायानं सापडला. तो काढून बसवला. परत दारापासून डोळे बांधून. असं अकरा वेळा. अकराव्या वेळी वॉकर गेटाला आपटला, तेव्हाच कळलं की वाट संपली.

रविवारी ते आले. रत्नदीपनं गाडी थेट घरामागच्या बोळात लावली, चैतालीनं आईला मागच्या दारानं आत नेलं, चहा दिला. रत्नदीप पुढच्या दारात आला, वाट बघितली, खाली बसून दोन ठोकळ्यांमधून नख फिरवलं. इंजिनिअर आहे तो.

"अण्णा, रुंदी अशी विचित्र का? साडेपाच फूट?"

"तुझ्या बापाची नोकरी आठव."

त्याला दोन सेकंद लागले. मग तो जो हसला, तसा मी त्याला दहावीच्या निकालानंतर हसताना बघितला नव्हता.

नागूबाई दारात आली. वॉकर पुढं. सहा आठवड्यांत वाळली होती, पण जीभ तशीच. "गवात कुटं गेलं?"

"शेळ्यांनी खाल्लं."

"बरं झालं."

तिनं वॉकर पहिल्या ठोकळ्यावर टेकला. रत्नदीप लगेच तिच्या दंडाकडं झेपावला, चैताली दुसऱ्या बाजूनं.

"बाजूला!" मी ओरडलो. आवाज असा निघाला, की दोघंही लहानपणासारखी दचकली. "गाडी आली की गँग रुळावर थांबत नाही. बाजूला व्हायचं. हातातली हत्यारं खाली. तोंड गाडीकडं."

चैताली म्हणाली, "अण्णा, पडली तर?"

"हत्यारं खाली."

रत्नदीपनं हातातला फोन आमच्या दाराच्या कट्ट्यावर ठेवला. चैतालीनं पर्स ठेवली. तिघंही कडेच्या दगडापलीकडं, मातीत उभे राहिलो. अडतीस वर्षं मी असाच उभा राहिलो होतो. गाडी धडधडत जायची. आतली माणसं झोपलेली, जेवणारी, पत्ते खेळणारी. आपण कशावरून चाललोय ते एकालाही ठाऊक नसायचं. खिडकीतून कुणी खाली बघितलं नाही. बघितलं तर थुंकायला.

उचल, टेक. पाय. उचल, टेक. पाय.

जास्वंदीजवळ ती थांबली. त्याच स्लॅकवर. रत्नदीपचा पाय हलला, मी हात आडवा धरला.

"थांबले म्हंजे पडत न्हाय मी," नागूबाई आमच्याकडं न बघता म्हणाली. "बगतीया." आणि ती खरंच खाली बघत होती. एकेक ओळ. वॉकरच्या पायानं तिनं एक ठोकळा ठोकून बघितला, मग दुसरा. "जलमभर लोकाच्या गाडीसाटी वाट केली तुमी," ती म्हणाली. "हितं कुटं घोळ घातला न्हाय न्हवं?"

"घातला होता. उखडून परत केलं."

"म्या म्हनलंच. पयल्या झटक्यात तुमचं कंदी जमलंय?"

शंकरप्पा कट्ट्यावरून खो-खो हसला. मीही हसलो, पण डोळे तिच्या पायावरच.

उचल, टेक. पाय. एकविसावी ओळ गेली. तिला कळलंही नाही. कळू नये म्हणूनच ती केली होती.

गेटाशी पोचून तिनं एक हात वॉकरवरून काढला आणि कडी उघडली. स्वतः. वॉकर बाहेर काढला, पाठोपाठ स्वतः निघाली आणि वळून कडी बाहेरून लावली. आम्ही तिघं आत, मातीत, ती बाहेर.

"आई, कुठं निघालीस?" चैतालीनं विचारलं.

"शिवम्माकडं. दीड म्हयना झाला, लई बोलायचं साठलंय." मग माझ्याकडं बघून, "च्याला थांबू नगा. मी तिकडंच पिनार."

समोरच्या घराचं दार उघडलं आणि शिवम्माचा आवाज ऐकू आला. डांबरावरून दहा पावलं होती, तीही तिनं तिची ती टाकली.

मी अजून कडेलाच उभा होतो. नियम असा आहे, की शेवटचा डबा जाईपर्यंत हलायचं नाही.